दिवा लागला होता

मुलुंडला आमच्या सोसायटीत मला ‘अँटेनावाल्या बाई’ म्हणतात. कुणाचा टीव्ही दिसेनासा झाला की आधी माझं दार वाजतं. मी टीव्ही दुरुस्त करत नाही, हे सुरुवातीची काही वर्षं सांगून पाहिलं. मग गच्चीवरची डिश कशी फिरवायची ते शिकून घेतलं. ते सोपं पडलं.

माझं खरं काम सांगायला थोडा वेळ लागतो. वायर नसताना जी वस्तू दुसऱ्या वस्तूशी बोलते, तिच्यात कुठेतरी अँटेना असतो. मोबाईलमध्ये, गाडीच्या चावीत, नव्या विजेच्या मीटरमध्ये. बहुतेक वेळा तो म्हणजे नखाएवढी, वळवलेली तांब्याची पट्टी असते. ती बनवण्याआधी संगणकावर काढतात. सॉफ्टवेअर त्या चित्राचे बारीक बारीक तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यात किती वीज वाहील ते हिशेबाने काढतं आणि कोणत्या दिशेला किती जोराने लहरी जातील ते सांगतं. याला सिम्युलेशन म्हणतात. नंतर नमुना बनतो आणि तो माझ्याकडे मोजायला यायचा.

मोजायची खोली अंधेरीला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होती. भिंती, छत, दार, सगळीकडे फोमचे निळे सुळके. रेडिओच्या लहरी त्यात जिरतात, परत उसळून येत नाहीत. आवाजही बराचसा जिरतो, त्यामुळे नवीन माणूस आत गेला की कान चोळत बाहेर येतो. मधोमध फिरतं टेबल. त्यावर वस्तू ठेवायची, दार लावून घ्यायचं, वस्तू सावकाश फिरते, समोरचा अँटेना ऐकतो आणि बाहेर पडद्यावर रेघ उमटते. संगणकाच्या हिशेबाची रेघ लाल, माझ्या मोजणीची निळी. निळी लालवर बसली की गिऱ्हाईक मोबाईल काढून फोटो घेतो.

पहिल्या फटक्यात ती सहसा बसत नाही. कारणं साधी असतात. संगणकाला एक सांगितलेलं असतं आणि कारखान्यात दुसरंच बनलेलं असतं. एकाने मोटारसायकलचा ट्रॅकर बनवला होता. प्लास्टिकच्या काळ्या डबीत छान चालायचा. मालकाला काळी डबी स्वस्तातली वाटली, म्हणून त्याने तिला चंदेरी रंग दिला. त्या रंगात धातूची भुकटी होती. ट्रॅकर मुका झाला. कारण सापडल्यावर त्याने मला गंभीरपणे विचारलं, “मॅडम, पण सिग्नलला रंग कसा काय दिसतो?” दुसऱ्या एकाच्या रेघांमध्ये चांगलं बोटभर अंतर पडलं होतं. त्याने विचारलं, “तुमची निळी जरा वर घेता येईल का?” मी म्हटलं, घेता येईल, फक्त अँटेनाही बदलावा लागेल. तो नाराज होऊन गेला.

पण ज्या कामाबद्दल मला लिहायचं आहे, त्यात दोन्ही रेघा पहिल्याच दिवशी जुळल्या होत्या.

ते काम घेऊन आले घाटकोपरचे भावेशभाई. त्यांनी म्हाताऱ्या माणसांसाठी एक लॉकेट बनवलं होतं. गळ्यात घालायचं. पडलं-झडलं की बटण दाबायचं. लॉकेटमधून सिग्नल घरातल्या एका डब्याला जाणार, डबा फोन लावणार, घाटकोपरच्या ऑफिसातली मुलगी डब्यातूनच बोलणार आणि मदत पाठवणार. भावेशभाईंची आई एकदा घरात पडून बराच वेळ एकटी राहिली होती. तेव्हापासून या माणसाने आपला पत्र्याच्या डब्यांचा धंदा भावावर सोपवला आणि हे सुरू केलं. मला ते आवडले. त्यांना अँटेनातलं काही कळत नव्हतं आणि ते तसं सरळ सांगत. आमच्याकडे हे दुर्मीळ आहे.

लॉकेटच्या अँटेनाचं सिम्युलेशन आमच्या सायलीने केलं. सायली तेव्हा पस्तिशीची, बोरिवलीहून यायची, बोलायला फटकळ, कामाला चोख. गळ्यात घालायची वस्तू म्हणजे अंगाचा परिणाम आलाच, कारण माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं खारं पाणी आणि ते लहरी पिऊन टाकतं. म्हणून तिने संगणकात माणसाचं धड घेतलं. माझ्याकडे मोजायला खरं धड होतं: प्लास्टिकच्या कवचाचा, आत खारवलेलं दाट द्रावण भरलेला पुतळा. त्याला हात नव्हते, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला पुरीच्या देवावरून जगन्नाथ म्हणत.

लॉकेटला धातूची साखळी नको, नायलॉनची दोरी लावा, हा सल्ला मीच भावेशभाईंना दिला होता. धातू जवळ आला की अँटेना बिथरतो. याच कारणाने मोजायच्या खोलीत जाताना घड्याळ, अंगठी, कानातलं, मंगळसूत्र सगळं बाहेरच्या ट्रेमध्ये काढून ठेवायचा आमचा नियम होता. मी तो इतकी वर्षं पाळला की सकाळी कामाला लागण्याआधी हात आपोआप गळ्याशी जायचा.

जगन्नाथच्या गळ्यात लॉकेट घातलं, फिरवला, निळी रेघ लालवर अशी बसली की सायली म्हणाली, “ताई, हे खोटं वाटेल लोकांना.” भावेशभाईंनी फोटो घेतला. तो ग्राफ त्यांनी आपल्या माहितीपत्रकातही छापला. ग्राफ छापलेलं माहितीपत्रक आजवर कोणा आजीने वाचलं असेल असं मला वाटत नाही.

पुढे बऱ्याच महिन्यांनी मला एक फोन आला. बोलणारा पुण्याचा होता, परब आडनावाचा. त्याचे आईवडील कांदिवलीला राहत. वडील पूर्वी गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर वॉचमनची नोकरी केली, आता घरीच. त्याने आईला भावेशभाईंचं लॉकेट घेऊन दिलं होतं. वडील बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलेले असताना आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. वडील परत येईपर्यंत ती ओल्या फरशीवर पडून होती. डब्याकडून फोन गेला नव्हता.

“कंपनीचा माणूस हॉस्पिटलात येऊन गेला,” तो म्हणाला. “त्याने आईच्याच गळ्यात लॉकेट घालून बटण दाबलं. त्याच्याकडच्या मशीनवर सिग्नल व्यवस्थित आला. मग त्यांनी मला तुमचा रिपोर्ट पाठवला. आई म्हणते, मी दाबलं होतं. तुमचा रिपोर्ट बरोबर आहे ना, एवढंच विचारायचं होतं.”

मी म्हटलं, “रिपोर्ट बरोबर आहे.”

“मग आईनेच दाबलं नसणार,” तो म्हणाला. “घाबरली असेल. वय झालंय. थँक यू मॅडम.”

तो अगदी सभ्यपणे बोलला होता आणि मीही खरं तेच सांगितलं होतं. तरी फोन ठेवल्यावर माझं कामात लक्ष लागेना. माझ्या रिपोर्टने आजवर पुष्कळ अँटेना नापास केले होते. माणूस नापास झाल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं.

मी सायलीला सांगितलं. तिने सरळ भावेशभाईंना फोन लावला आणि विचारलं, अशा तक्रारी आणखी आहेत का.

“थोड्या आहेत,” भावेशभाई म्हणाले. “पण सगळ्या लेडीजच्या. जेन्ट्सची एक पण कंप्लेंट नाय. लेडीज लोक घाबरून जातात ना, बटण नीट दाबत नाय.”

“तुमच्या मम्मी दाबतात ना नीट?”

“मम्मीचं एकदम परफेक्ट. रोज चेक करतो.”

सायलीने फोन ठेवला आणि म्हणाली, “बायका घाबरतात म्हणे. ताई, याचं डोकं ठिकाणावर आहे का?”

मग आम्ही बायकांच्या बाबतीत वेगळं काय असतं ते शोधायला बसलो. दोन बायकांनी या प्रश्नावर इतका वेळ घालवावा याचं आता मला नवल वाटतं. सायलीने संगणकातलं धड बाईचं घेतलं. फरक पडला नाही. मी जगन्नाथला साडी नेसवली. मग ती ओली करून नेसवली, कारण परबकाकू न्हाणीघरात पडल्या होत्या. रेघ जेमतेम हलली. आमचा लॅब असिस्टंट पेडणेकर दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, “मॅडम, निऱ्या उलट्या झाल्यात.” त्या सुधारूनही रेघ तशीच राहिली.

शेवटी शनिवारी आम्ही दोघी हातात धरायचं मोजणीयंत्र घेऊन कांदिवलीला गेलो.

परबकाकू हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या, शेजारी वॉकर. लहानखुऱ्या, गोऱ्या, चष्म्यातून नीट निरखून बघणाऱ्या. काकांना ऐकायला कमी येत होतं, म्हणून ते प्रत्येक वाक्यानंतर मान हलवत. आम्ही कोण ते सांगितलं. काकू म्हणाल्या, “म्हणजे ती ग्राफवाली तुम्हीच.”

मी हो म्हटलं.

“चहा ठेवायला सांगते. मला उठता येत नाही. अहो, चहा.”

काका आत गेले. मी विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं. त्यांनी ते अगदी क्रमाने सांगितलं. पाय सरकला. पडल्यावर पाय हलेना. लॉकेट गळ्यातच होतं. बटण दाबलं.

“नक्की दाबलं गेलं होतं?” सायलीने विचारलं. तिने शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं होतं.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. तोवर त्या आमच्याशी मुंबईच्या मराठीत बोलत होत्या. आता त्यांची मालवणी आली.

“दिवो लागलो होतो,” त्या म्हणाल्या. “लाल दिवो. माका वाटला, आता येतील. म्हणान मी कोणाक हाक मारूक नाय. बाजूच्या घरात माणसां होती. खिडकी उघडी होती. हाक मारलंय असतंय तर ती इली असती. पण दिवो लागलो होतो ना, बाय.”

सायलीने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना तो दिवा माहीत होता. बटण दाबलं गेलं की तो लागायचा. सिग्नल डब्यापर्यंत पोचला की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तसं त्याला कोणी बनवलंच नव्हतं. म्हणजे ही बाई फरशीवर पडून एका खोट्या दिव्यावर विश्वास ठेवून गप्प राहिली होती आणि नंतर मुलाने तिला सांगितलं होतं की तू बटणच दाबलं नसशील.

आम्ही मोजायला लागलो. ते आम्हाला येत होतं.

लॉकेट टेबलावर ठेवून दाबलं. सिग्नल उत्तम. काकांच्या गळ्यात घातलं, ते ताठ उभे राहिले, सिग्नल उत्तम. काकूंच्या गळ्यात घातलं, दाबलं. दिवा लागला. यंत्रावरचा आकडा जवळजवळ तळाला गेला. परत दाबलं, तेच. न्हाणीघराच्या दाराशी वॉकर धरून त्यांना उभं केलं. तिथे तर काहीच येईना.

“हिचाच नशीब,” काका म्हणाले.

“तुम्ही गप ऱ्हवा,” काकू म्हणाल्या.

आता दुसऱ्या बाईच्या अंगावर घालून बघायचं म्हणून मी लॉकेट घेतलं. आणि सवयीप्रमाणे स्वतःचं मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं.

काकूंना ते अजिबात आवडलं नाही. “भर दुपारी मंगळसूत्र कशाला काढलंस, बाय?”

“मोजताना काढावं लागतं, काकू,” मी म्हटलं. “आमचा नियमच आहे. धातू अगदी जवळ असला ना, तर अँटेनाचं सगळं...”

वाक्य तिथेच राहिलं. सायली माझ्या पर्सकडे बघत होती. मग तिने काकूंच्या गळ्याकडे पाहिलं. तिथे काळ्या मण्यांचं, लांब, दोन वाट्यांचं मंगळसूत्र होतं आणि लॉकेट बरोबर त्या वाट्यांवर टेकलं होतं.

“काकू,” सायलीने विचारलं, “हॉस्पिटलात हे गळ्यात होतं?”

“नाही. नर्सबाईने ऑपरेशनच्या आधी काढून ह्यांच्याकडे दिलं. घरी आल्यावर घातलं परत.”

भावेशभाईंच्या माणसाने हॉस्पिटलात लॉकेट तपासलं, तेव्हा काकूंच्या गळ्यात दुसरं काही नव्हतं. भावेशभाईंच्या आईला वैधव्य येऊन बरीच वर्षं झाली होती. जगन्नाथच्या गळ्यात काही असण्याचा प्रश्न नव्हता. सायलीचं लग्न झालेलं होतं, पण तिचं मंगळसूत्र बँकेच्या लॉकरमध्ये होतं. माझं ट्रेमध्ये. संगणकाच्या हिशेबात ते नव्हतं आणि माझ्या मोजणीतही नव्हतं, म्हणून दोन्ही रेघा इतक्या छान जुळल्या होत्या.

काकूंना मंगळसूत्र काढून मोजू द्या असं विचारण्यात अर्थ नव्हता. मी माझं परत घातलं, त्यावर लॉकेट घातलं आणि दाबलं. आकडा खाली. काढलं, वर. घातलं, खाली. काकू प्रत्येक वेळी तोंड फिरवत होत्या.

“काकू, तुम्ही दाबलं असणार,” मी म्हटलं.

“असणार?”

“आधी मशीनवर नीट मोजून बघते. मग नक्की सांगते.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मला कुठे जायचंय.”

जिना उतरताना सायली म्हणाली, “ताई, ‘दाबलं होतं’ म्हणायचं होतं ना तुम्ही.” ती बरोबर होती. पण मोजल्याशिवाय ‘होतं’ म्हणायची माझी जीभ वळत नाही. हा गुण आहे म्हणूनच मला नोकरीवर ठेवलं होतं.

सोमवारी आम्ही अंधेरी स्टेशनजवळच्या खोट्या दागिन्यांच्या दुकानात गेलो. मी वेगवेगळ्या लांबीची मंगळसूत्रं मागितली. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी. सायली म्हणाली, पुतळ्यासाठी. “शोरूमचा पुतळा ना?” तो म्हणाला. “मग लांबच घ्या. लांबून उठून दिसतं.”

जगन्नाथच्या गळ्यात एकेक घालून मोजलं. आखूड मंगळसूत्र लॉकेटपासून दूर राहत होतं, त्याने फारसं बिघडत नव्हतं. लांब घातलं की निळी रेघ कोसळायची. लॉकेटमधून निघालेली ताकद त्या साखळीत शिरायची आणि तिथून सरळ अंगात जिरायची. डब्यापर्यंत जायला काही उरतच नव्हतं. खोटे दागिने वेगळ्या धातूचे, म्हणून खात्रीसाठी मी माझं सोन्याचं जगन्नाथला घातलं. पेडणेकर म्हणाला, “मॅडम, हे काय बरं दिसत नाय.” मीही त्याच मताची होते. पण रेघ कोसळली.

त्या संध्याकाळी मी घरी नवऱ्याला सांगितलं, “आज माझं मंगळसूत्र दुसऱ्याच्या गळ्यात घातलं होतं.”

“कोणाच्या?”

“जगन्नाथच्या.”

“बरं,” तो म्हणाला. “आमटी गरम करू का?”

सायलीचं काम जास्त कठीण होतं. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये चष्मा होता, मनगटी घड्याळ होतं, कानातलं श्रवणयंत्र होतं. मंगळसूत्र नव्हतं. ते बनवणाऱ्यांना लागलंच नसेल. सायलीने ते स्वतः काढलं: सोन्याची तार, काचेचा एकेक मणी, दोन वाट्या, मधली गाठ. वाट्यांचा खोलगटपणा मोजायला माझं मंगळसूत्र घेऊन ती दिवसभर टेबलाशी वाकून बसली होती. तेवढ्यात साहेब येऊन विचारून गेले की सोनाराचं काम कधीपासून घेतलंत. संगणकाला तो हिशेब करायला भरपूर वेळ लागला. शेवटी लाल रेघ आली. तीही तशीच कोसळलेली, आणि माझी निळी तिच्यावर बरोबर बसलेली. इतका वाईट अँटेना इतक्या आनंदाने मी कधी बघितला नव्हता.

मग भावेशभाईंना बोलावलं. त्यांनी दोन्ही रेघा पाहिल्या, मग मंगळसूत्र घातलेल्या जगन्नाथला पाहिलं.

“सोपं आहे,” ते म्हणाले. “मॅन्युअलमध्ये लिहितो. लॉकेट वापरताना मंगळसूत्र काढायचं.”

“कोण काढेल?” मी विचारलं.

“सेफ्टीसाठी आहे. काढतील.”

“तुमच्या मम्मी काढायच्या? पप्पा असताना?” सायलीने विचारलं.

भावेशभाईंनी चष्मा काढून पुसला. “नाय,” ते म्हणाले. “ताप आला तरी नाय.” मग म्हणाले, “मनगटावर बांधायचं करू. घड्याळासारखं.”

“मनगटावर बांगड्या,” सायली म्हणाली.

“मग काय पायात बांधू?”

“पैंजण,” मी म्हटलं. ते मात्र मी बोलायला नको होतं.

पण माणूस चांगला. त्याच दिवशी त्यांनी ऑफिसातून ज्या ज्या घरी लॉकेट होतं तिथे फोन करायला सांगितलं, की मंगळसूत्राजवळ हे चालत नाही, नवीन येईपर्यंत डब्याचं वेगळं बटण न्हाणीघराच्या भिंतीला खाली लावून देतो. आणि ते लावूनही दिलं. काही घरी ते स्वतः गेले. एका आजोबांनी त्यांना दारातच विचारलं म्हणे, की आमच्या मंगळसूत्रात काय खोट आहे ते आधी सांगा.

नवीन लॉकेट बनायला पावसाळा गेला. सायलीने अँटेना मुळातूनच बदलला. आधीचा अँटेना आजूबाजूला काही नाही असं धरून बनवलेला होता, नवा आजूबाजूला धातू येणारच असं धरून. मी तो आखूड मंगळसूत्रासह मोजला, लांबसह, दोन पदरीसह, मोहनमाळेसह, रुद्राक्षाच्या चांदीत गुंफलेल्या माळेसह. जगन्नाथने त्या वर्षी जेवढे दागिने घातले तेवढे मी लग्नात घातले नव्हते. नव्याची रेघ नुसत्या जगन्नाथवर जुन्यापेक्षा खाली होती. भावेशभाई म्हणाले, “जुना ग्राफ जास्त छान होता.” मी म्हटलं, हो, छान होता. पण नवी रेघ काहीही घातलं तरी तिथल्या तिथे राहत होती.

दुसरा बदल दिव्याचा. तो सायलीने भांडून करून घेतला. आता बटण दाबल्यावर दिवा लागत नाही. डब्याला सिग्नल मिळतो, डबा उलट निरोप पाठवतो, तो आला तरच हिरवा दिवा लागतो आणि लॉकेट थरथरतं. नाही आला, तर लॉकेट जोरात शिट्टी वाजवत राहतं. म्हणजे निदान माणसाला कळतं की आता हाक मारायला हवी. यात बॅटरी लवकर संपते, असं भावेशभाईंचं म्हणणं होतं. सायली त्यांना कांदिवलीला घेऊन गेली आणि काकूंच्या तोंडून ती दिव्याची गोष्ट ऐकवली. परत आल्यावर ते बॅटरीबद्दल काही बोलले नाहीत.

नवीन लॉकेट घेऊन मीच काकूंकडे गेले. त्या आता वॉकरशिवाय चालत होत्या, भिंतीला हात लावून. टेबलाशी बसून मेथी निवडत होत्या. मी म्हटलं, “काकू, मोजून झालं. तुम्ही दाबलं होतं.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि एक जुडी माझ्याकडे सरकवली. मीही निवडायला लागले.

थोड्या वेळाने मी त्यांच्या मुलाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्याला सगळं सांगितलं. मंगळसूत्र, हॉस्पिटल, दिवा. माझा रिपोर्ट ज्या परिस्थितीत काढला होता ती तुमच्या आईची परिस्थिती नव्हती, हेही सांगितलं.

“म्हणजे आईने दाबलं होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“आई आहे का तिथे?”

मी काकूंकडे पाहिलं. त्या मेथीच्या काड्या एका बाजूला करत होत्या.

“सांग त्याला, कामात आहे,” त्या म्हणाल्या.

त्याने ते ऐकलंच असणार. “मी रविवारी येतो,” तो म्हणाला. काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “येऊ दे. मेथी आहेच.”

मग त्यांनी हात धुतले, लॉकेट गळ्यात घातलं, ते वाट्यांवर नीट टेकवलं आणि माझी वाट न बघता दाबलं. लॉकेट थरथरलं. हिरवा दिवा लागला. डब्यातून घाटकोपरच्या मुलीचा आवाज आला, “परब काकू, पडलात का? मदत पाठवू?”

काका आतून धावत आले.

“नाय गो बाय,” काकू डब्याला म्हणाल्या. “बसलंय मी. तुझां जेवण झालां?”

त्यानंतर मी त्यांच्याकडे एक-दोनदाच गेले, मग निवृत्त झाले. सायली माझ्या जागेवर आहे आणि जगन्नाथचे दागिने कपाटात कुलपात असतात, कारण पाहुणे आले की विचारतात. मध्यंतरी भावेशभाईंचा फोन आला. एक अडचण होती. कांदिवलीच्या परबकाकू रोज सकाळी आंघोळीला जाण्याआधी न्हाणीघराच्या दारात उभ्या राहून बटण दाबतात. पडलेल्या नसतात. ऑफिसातली मुलगी उठून फोन घेते, तर त्या सांगतात, ठीक आहे, ठेव. रोज. आता त्यांचं बघून बिल्डिंगमधल्या आणखी दोन आजी तेच करायला लागल्या आहेत.

“हे बंद करायचं काही सेटिंग आहे का, मॅडम?” त्यांनी विचारलं.

“बंद करू नका,” मी म्हटलं. “त्या मोजतायत.”